दुपारी आलेली डॉक्टरीणबाई

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटते. माझं सगळं आयुष्य स्टेथोस्कोप, थर्मामीटर आणि तपासणीच्या रिपोर्टांत गेलं. घरात साधी दृष्ट काढायची म्हटलं तरी मी कपाळाला आठ्या घालायची. माझी मुलगी म्हणते, "आई, तू या विषयावर लिहितेस म्हटल्यावर लोक घाबरतील." कुणी घाबरण्यासारखं यात काही नाही. भूत नाही, स्मशान नाही, अमावस्या नाही. एक आजारी मूल आहे आणि एक पावसाळी दुपार आहे. पण त्या दुपारचा हिशेब मला आजपर्यंत लागलेला नाही, आणि आता वय असं आहे की लिहायचं तर लवकर लिहावं.

साठच्या दशकाची सुरुवात. मी नुकतीच डॉक्टर झाले होते आणि माझी नेमणूक आचऱ्याजवळच्या एका लहान सरकारी दवाखान्यात झाली होती. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नव्हता, सगळा मुलूख रत्नागिरीतच धरत. मी मूळची घाटावरची, साताऱ्याकडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तिथे रुजू व्हायला गेले तेव्हा. मालवणी बोली कानावर पडायची, अर्धीमुर्धी कळायची, पण बोलायला गेले की जीभ अडखळायची आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हणून मी आपली शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध मराठी बोलायची. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याला महत्त्व आहे.

दवाखान्याच्या मागे खाडी. पलीकडे माडांच्या आत एक मासेमार वाडी — नाव देत नाही, त्यांची नातवंडं तिथे आहेत. जायचं तर दाजी नावाच्या तारीच्या, म्हणजे नावाड्याच्या, होडीतून. दाजी पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. जमिनीवरूनही एक वाट होती, पण ती लांबून वळसा घालून जायची आणि मधे ओढ्यावर एक लाकडी साकव होता. त्या वर्षी श्रावणातच तो साकव पाण्याखाली गेला होता. म्हणजे होडी हाच रस्ता.

चवथ जवळ आली होती. कोकणात चवथ म्हणजे गणपती, मुंबईचे चाकरमानी घरी यायची वाट बघण्याचे दिवस. तशात एका सकाळी दाजीच निरोप घेऊन आला, की पलीकडे शेवंतीचं मूल रात्रीपासून हगवणीने आणि वांतीने हैराण आहे, तुम्ही या.

शेवंती विशीतली असेल. नवरा मुंबईला गोदीत कामाला. घरात ती, तिची सासू आणि अकरा महिन्यांचा गणू. मी गेले तेव्हा गणू आईच्या खांद्यावर मान टाकून पडला होता. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, जीभ कोरडी. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती हळूहळू जागेवर येत होती. आम्हाला कॉलेजात शिकवलेलं डिहायड्रेशनचं एकेक लक्षण मुलाच्या अंगावर होतं.

"आता रडूक पन येना नाय तेका," शेवंती म्हणाली. तिने ते तक्रारीसारखं सांगितलं नाही, नुसतं सांगितलं. रडणाऱ्या मुलाची भीती नसते, रडणं थांबलेल्या मुलाची असते.

सासूने विचारलं, "वायच पेजेची निवळ देव काय?" निवळ म्हणजे उकड्या तांदळाच्या पेजेचं वरचं पातळ पाणी. तिथे आजारी माणसाला पहिल्यांदा तेच देतात.

"नाही आजी," मी म्हटलं. "तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. पोटाला पूर्ण विश्रांती हवी. मी सलाईन घेऊन दुपारपर्यंत परत येते."

हे मी मनाचं सांगत नव्हते. त्या काळी आम्हाला शिकवलं होतं ते हेच. जुलाब-उलटीचं मूल आलं की आतड्याला आराम द्या, उपाशी ठेवा आणि शिरेतून पाणी चढवा. तसं करून बरी झालेली मुलं मी मोठ्या इस्पितळात पाहिली होती. शिरेतून चढवायला बाटली असेल तर ते ठीकच होतं. बाटली खाडीच्या अलीकडे होती, इतकंच.

परत आले, सुया उकळून घेतल्या, सलाईनची बाटली टॉवेलात गुंडाळली आणि तीरावर आले, तोवर वाऱ्याने दिशा बदलली होती. वरच्या बाजूला कुठे तरी धो धो कोसळला असावा. खाडीचं पाणी लाल होऊन वर चढलं होतं आणि त्यातून अख्खे ओंडके येत होते. दाजीने होडी ओढून माडाला बांधली होती.

"बाई, आज होडी पाण्यात घालूची नाय," तो म्हणाला. "दोगाय बुडान जातलंव."

मी वाद घातला. मुलाची अवस्था सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाण्याकडे बोट केलं. पाहिलं तर त्याचं खरं होतं.

मग मी तिथेच बसले. तीरावर दाजीची एक झावळ्यांची खोपटी होती, तिच्यात. वाटलं, तासाभरात उतरेल. नाही उतरलं. दवाखान्यातून एकदा बोलावणं आलं, किरकोळ होतं, ते मी तिथूनच निस्तरलं. बाकी सारी दुपार मी मांडीवर बाटली घेऊन बसून होते आणि पलीकडचे माड बघत होते. दाजी जाळं विणत शेजारी होता. मला झोप लागली नाही. गुंगी आली नाही. काही वेगळं जाणवलं, मन कुठे तरी ओढलं गेलं... असलं काहीही झालं नाही. लोक विचारतील म्हणून सांगते. डोक्यात एकच चाललं होतं, की या क्षणी पलीकडे ते मूल सुकत चाललंय आणि मीच सांगून आलेय की पाणी देऊ नका. त्यावरही मी स्वतःला समजावत होते, की बाईगं, दिलं असतं तर उलटून पडलं असतं, तू बरोबर सांगितलंस.

अंधार पडायच्या आधी दाजी म्हणाला, "बाई, घरी जावा. सकाळी पाणी उतरतला. मी तुमका साद घालतंय."

त्या रात्रीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सकाळी पाणी उतरलं होतं. दाजीने होडी पाण्यात घातली. मला वाटतं, आम्ही दोघेही पलीकडून रडण्याचा आवाज येतो का ते ऐकत होतो. बायकांच्या रडण्याचा. वाडी जवळ आली तसा आवाज आला. पण तो बाईचा नव्हता. लहान मुलाचा होता, चिडका, भुकेजला.

शेवंती अंगणाच्या कडेला उभी होती आणि गणू तिच्या कडेवर हातपाय झाडत होता. गालावर पाणी होतं. खरे अश्रू. मी पोचेपर्यंत तिला धीर नव्हता. "बगा बाई, रडता," ती म्हणाली आणि स्वतःच रडायला लागली.

मी त्याला हातात घेतलं. टाळू अजून थोडी खोल होती, पण जीभ ओली. कातडीची चिमटी सोडल्याबरोबर जागेवर. लंगोट भिजलेला. सलाईनची गरजच उरली नव्हती. टॉवेलातली बाटली मी तशीच परत नेली.

"काय केलंत तुम्ही?" मी विचारलं. मला वाटलं, काही तरी गावठी औषध दिलं असणार आणि आता माझ्यापासून लपवतील.

"तुमी सांगल्यात तसाच केलंय," शेवंती म्हणाली. "रातभर चमच्यान दितच ऱ्हवलंय."

"काय देत राहिलीस?"

"पेजेची निवळ. मीठ आनि गूळ घालून." ती माझ्याकडे जरा चमकून बघायला लागली. "तुमीच सांगल्यात मां, दुपारी इल्ल्यात तेव्हा."

मी म्हटलं, मी दुपारी आले नव्हते. पाणी चढलं होतं, मी पलीकडेच होते.

शेवंतीच्या चेहऱ्यावर मला खोटं पकडलं गेल्याचा भाव शोधायचा होता, तो नव्हता. होता तो गोंधळ, आणि थोडंसं दुखावणं... जणू मी तिच्याशी केलेली एखादी चांगली गोष्ट नाकारत होते. तेवढ्यात सासू चुलीकडून बाहेर आली आणि तिने आपला वेगळाच विषय काढला.

"माका गूळ पटना नाय होतो," ती म्हणाली. "गुळान पोट आनिक सुटता, आमी कधी देना नाय. पन तुमी म्हटल्यात, मीठ एकटा आत जाना नाय, गूळ तेका आपल्या वांगडा घेवन जाता. म्हणान मगे दिलंव."

वांगडा म्हणजे सोबत, बरोबर. गूळ मिठाला आपल्या सोबत आत घेऊन जातो. हे वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बोलणं सोडा, मला ते माहीत नव्हतं. माझ्या पुस्तकात ते नव्हतं, माझ्या प्रोफेसरांनी ते सांगितलं नव्हतं.

मी तिथे ओसरीवर बसून त्या दोघींची उलटतपासणी केली. अगदी पोलीस करतात तशी. आधी दोघींना एकत्र, मग सासू पाणी आणायला गेली तेव्हा शेवंतीला एकटीला. मी कुठून आले? माडांच्या बाजूने, पायवाटेने. काय नेसले होते? सकाळचंच, हिरव्या काठाचं. हातात काय होतं? काही नाही, पेटी नव्हती, गळ्यात नळी नव्हती. किती वेळ होते? एक पातेली पेज होऊन निवेपर्यंत. पहिले चमचे मी स्वतः पाजले. मूल दोनदा ओकलं. शेवंती घाबरली, तेव्हा मी म्हटलं, "वकलो तरी भिया नको. वायच थांब, आनि परत सुरू कर." आणि निघताना म्हटलं, की मुतला की मग भिण्याचं काम नाही, पण तोवर हात थांबवू नको.

"हे मी कसं बोलले? माझ्यासारखं की तुमच्यासारखं?" मी विचारलं.

"आमच्यासारख्या," शेवंती म्हणाली; सासूला ती आये म्हणायची. "आये म्हणाक लागली, ही बाई सकाळी पुस्तकासारखी बोलत होती, आता आमच्यातली कशी झाली."

मी शेजारी चौकशी केली. शेजारणीने मला पाहिलेलं नव्हतं. ती घरात होती, बाहेर पाऊस होता. पण दुपारी शेवंती तिच्याकडे गुळाचा खडा मागायला आली होती आणि म्हणाली होती, की डॉक्टरीणबाईंनी मागितलाय. हे तिला पक्कं आठवत होतं, कारण जुलाबाच्या मुलाला गूळ ऐकून तीही चकित झाली होती.

आता तुम्ही म्हणाल ते सगळं मी म्हणून पाहिलेलं आहे. दुसरी कुणी बाई असेल — पण त्या भागात माझ्याशिवाय डॉक्टरीण नव्हती, आणि जी एक सुईण होती ती माझ्याच तीरावर होती. दोघी घाबरल्या होत्या, जागरणाने भास झाला असेल — भास झालेली माणसं शेजारी जाऊन गूळ मागत नाहीत, आणि दोघींना सारखाच भास कसा होईल. सगळ्यात पटणारं लॉजिक हे, की सासूला पेज द्यायचीच होती, मी मनाई केली होती, म्हणून त्यांनी माझ्या नावावर ती दिली आणि नंतर गोष्ट रचली. मी बराच काळ हेच खरं मानायचा प्रयत्न केला. पण मग गूळ कुठून आला? गूळ सासूच्या समजुतीत बसत नव्हता आणि माझ्या पुस्तकातही बसत नव्हता. जी गोष्ट त्या घरात कुणाला ठाऊक नव्हती आणि मलाही ठाऊक नव्हती, ती त्या दुपारी त्या घरात कुणी तरी सांगितली.

परतताना दाजी बोलला. त्याने अंगणातून सगळं ऐकलं होतं.

"बाई, मी तुमका कालचो दिसभर बगलंय. माज्या खोपटेत होत्यात. कोणी इचारल्यान तर काय सांगू?"

"जे पाहिलंत तेच सांगा," मी म्हटलं.

त्याने वल्ह्याचे दोन-तीन हात मारले. "तसा सांगलंय तर ती दोगा खोटी ठरतली," तो म्हणाला. "आनि ती खोटी नाय."

मला माहीत आहे तोवर त्याने कधीच कुणाला काही सांगितलं नाही. वाडीत पुढे कुणी गाव राखणाऱ्या देवाचं, राखणदाराचं नाव घेतलं, कुणी ग्रामदेवतेला नारळ ठेवला. मी त्यांना अडवलं नाही आणि त्यांच्यात सामीलही झाले नाही. चवथीला गणूचा बाप मुंबईहून आला, तो मला भेटायला मुद्दाम खाडी ओलांडून आला आणि हात जोडून उभा राहिला. मी म्हटलं, तुमच्या बायकोने रात्रभर चमचा थांबवला नाही म्हणून मूल वाचलं. तेवढं तरी निर्विवाद खरं होतं.

त्यानंतर माझ्या हातून एक गोष्ट झाली. पुढच्या वेळी असं मूल आलं तेव्हा मी त्याला उपाशी ठेवलं नाही. सलाईन लावली, पण आईला म्हटलं, निवळ दे, मीठ-गूळ घालून, थोडी थोडी. कशाच्या आधारावर? सांगता आलं नसतं. वरिष्ठांनी विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार होते? त्यांनी विचारलं नाही. मुलं बरी होत गेली. सगळी नाही, पण पुष्कळ.

मग बरीच वर्षं गेली. मी फोंडाघाटला होते, मग आणखी कुठे कुठे. एक दिवस डाकेने येणाऱ्या वैद्यकीय मासिकात मी वाचलं, की साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिलं तर आजारी आतडंसुद्धा ते शोषून घेतं, साखरेबरोबर मीठ आत जातं आणि त्यांच्यामागून पाणी. ते पान मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना मला ते अक्षरांत दिसेना, सासूच्या आवाजात ऐकू यायला लागलं. आज त्या मीठ-साखरेची पुडी, ओआरएस, प्रत्येक दवाखान्यात आहे. तांदळाच्या पेजेवरही अभ्यास झाले. आणि अलीकडेच नातीच्या आग्रहाने मी एका तरुण बालरोगतज्ज्ञांचं व्याख्यान ऐकलं — अत्यवस्थ मुलांच्या निदानाबद्दल आणि उपचारांबद्दल नवं संशोधन काय सांगतं, असा विषय. पडद्यावर एकेक मुद्दा येत होता. मुलाला उपाशी ठेवू नका. उलटी झाली तर थोडं थांबा आणि पुन्हा घोट घोट द्या. लघवी होते का ते बघा. आई म्हणाली की आज हे मूल नेहमीसारखं नाही, तर ते लक्षण म्हणून धरा, ताप मोजल्यासारखं. मागच्या रांगेत बसून मी ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? माझा प्रश्न त्यांना विचारण्यासारखा नव्हता.

एक प्रसंग राहिला. माझी बदली झाली तेव्हा शेवंती गणूला घेऊन निरोप द्यायला आली होती. सोबत सुक्या बांगडा माशांची जुडी. गणू आता दवाखान्यात धावत होता, बाकांखाली शिरत होता. मी त्या दिवशी तिला पहिल्यांदाच नीट विचारलं, उलटतपासणी म्हणून नव्हे.

"शेवंती, सकाळी मी सांगितलं पाणीही देऊ नको. दुपारी उलटं सांगितलं. तुला प्रश्न नाही पडला? दुपारचंच का ऐकलंस?"

तिने जुडी बाकावर ठेवली.

"सकाळी तुमी उब्यान सांगल्यात आनि गेल्यात," ती म्हणाली. "दुपारी तुमी खाली बसल्यात. तेका मांडयेर घेतल्यात. मगे सांगल्यात."

यात दोष काढल्याचा सूर नव्हता. विचारलं म्हणून तिने सांगितलं होतं.

त्यानंतर मी ज्या ज्या घरात आजारी मूल बघायला गेले, तिथे आधी जमिनीवर बसले, मूल मांडीवर घेतलं आणि मग बोलले. एवढा बदल माझ्यात कुणी केला, हे मला सांगता येतं. पण त्या दुपारी शेवंतीच्या घरात माझ्याआधी खाली कोण बसलं होतं, ते मला आजही माहीत नाही.